शेअर, फंड आणि एफडी एकाच पडद्यावर : स्वतःचं ब्राउझर एक्स्टेंशन कसं बनवायचं

ब्रोकरच्या ॲपमध्ये शेअर दिसतात, फंडाच्या ॲपमध्ये फंड दिसतात आणि एफडी बँकेच्या पावतीवर. सगळं मिळून आपला पैसा कोणकोणत्या कंपन्यांच्या जिवावर उभा आहे, हे यांपैकी एकाही ठिकाणी कळत नाही. ते दाखवणारं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, घरच्या घरी बनवता येतं. त्याला सर्व्हर लागत नाही, महिन्याची वर्गणी लागत नाही आणि आपला एकही आकडा आपल्या कॉम्प्युटरबाहेर जात नाही. जावास्क्रिप्टची जुजबी ओळख असली तरी काम होतं.

मी फोर्टमध्ये एका ब्रोकरच्या बॅक-ऑफिसला आहे. दिवसभर होल्डिंग, कॉन्ट्रॅक्ट नोट आणि बोनस-स्प्लिटच्या नोंदी हेच काम. एक्स्टेंशन लिहिलं ते गिरगावातल्या मामासाठी. तो शेअरचा हिशेब लाल कापडी बांधणीच्या वहीत ठेवतो आणि त्याला एकच विचारायचं असतं : "सगळं एकाच टोपलीत तर नाही ना?" खालची सगळी रचना या एका प्रश्नाभोवती आहे. आज किती वर-खाली झालं हे दाखवायची खटपट मी मुद्दाम केलेली नाही, कारण ते दाखवणाऱ्या शंभर जागा आहेत आणि त्यातून मामाच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

एक्स्टेंशनच का

एक्सेल शीट चाललं असतं की, असं बरेच जण म्हणतात. शीट चांगलंच आहे, पण रोजचे भाव त्यात आणायचे म्हटलं की हाताने डकवाडकवी सुरू होते. साधं वेब पान बनवलं तर वेगळी अडचण येते. म्युच्युअल फंडांची संघटना ॲम्फी रोज सगळ्या योजनांचे एनएव्ही (एका युनिटची किंमत) एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जाहीर करते. आपल्या पानाने ती फाइल मागितली आणि त्या साइटने परक्या पानांना मुभा दिलेली नसली, तर ब्राउझर उत्तर आपल्या हाती पडू देत नाही. एक्स्टेंशनला मात्र तेवढ्या एका साइटचा हक्क मागून घेता येतो. मला सर्व्हर टाळायचा होता आणि तो यामुळेच टळला.

सांगाडा

एक फोल्डर करा आणि त्यात एक्स्टेंशनची माहिती देणारी मॅनिफेस्ट नावाची जेसन फाइल ठेवा. आवृत्ती ३ लिहा. क्रोमसाठी नवीन काही करायचं तर हीच आवृत्ती. नाव आणि क्रमांक दिल्यावर परवानग्यांत फक्त 'स्टोरेज' आणि होस्ट परवानगीत फक्त ॲम्फीची साइट. याहून जास्त काही मागू नका. 'सगळ्या साइटवरचा मजकूर वाचण्याची' परवानगी मागणारं एक्स्टेंशन तुमच्या नेटबँकिंगचं पानही वाचू शकतं. पैशाच्या एक्स्टेंशनला तसला हक्क देणं मला अजिबात पटत नाही, मग ते स्वतः लिहिलेलं का असेना.

याच कारणाने ब्रोकरच्या पानावरून होल्डिंग खरडून घेण्याच्या वाटेला जाऊ नका. त्यांनी पानाची मांडणी बदलली की आपलं सगळं कोलमडतं. पासवर्ड किंवा ओटीपी तर एक्स्टेंशनमध्ये कुठेही टाइप होता कामा नये.

बहुतेक धडे एक्स्टेंशनचा छोटा पॉपअप बनवायला शिकवतात. या कामाला तो नको. क्रोममध्ये पॉपअप जास्तीत जास्त ८०० बाय ६०० पिक्सेलचा होतो, बाहेर क्लिक पडला की बंद होतो, आणि फाइल निवडायची खिडकी उघडतानाही कधी कधी मिटतो. त्याऐवजी मॅनिफेस्टमध्ये 'ॲक्शन' रिकामं ठेवा आणि सर्व्हिस वर्करमध्ये (एक्स्टेंशनची पार्श्वभूमीत चालणारी फाइल) दोन-तीन ओळी लिहा : आयकॉनवर क्लिक झालं की एक्स्टेंशनचंच पान नव्या टॅबमध्ये उघड. पॉपअप दिलेला असेल तर हा क्लिक सर्व्हिस वर्करपर्यंत पोचतच नाही, हे लक्षात असू द्या.

नवख्यांना हमखास नडणाऱ्या दोन गोष्टी. एक, एचटीएमएलमध्येच बटणाला 'ऑनक्लिक' लिहिलंत तर ते चालणार नाही. एक्स्टेंशनच्या पानात इनलाइन स्क्रिप्टला बंदी असते, म्हणून सगळं वेगळ्या जावास्क्रिप्ट फाइलमध्ये लिहून 'ॲड इव्हेंट लिसनर'ने जोडायचं. दोन, आलेखाची लायब्ररी इंटरनेटवरून थेट ओढता येत नाही. आवृत्ती ३ मध्ये बाहेरून कोड आणायला मनाई आहे. चार्ट-जेएस हवं असेल तर त्याची फाइल उतरवून फोल्डरमध्येच ठेवा. मी लायब्ररी घेतलीच नाही, त्याबद्दल पुढे सांगते.

चालवून बघायला क्रोमचं एक्स्टेंशन्सचं पान उघडा, वरचा डेव्हलपर मोड सुरू करा, 'लोड अनपॅक्ड' दाबा आणि फोल्डर दाखवा. मॅनिफेस्ट किंवा सर्व्हिस वर्कर बदलला की तिथलंच गोल बाणाचं बटण दाबायचं.

व्यवहार लिहा, शिल्लक आपोआप निघेल

सगळ्यात जास्त विचार इथे करायला हवा. बहुतेक जण 'कंपनी, संख्या, सरासरी भाव' असे तीन रकाने साठवतात आणि पहिल्या बोनसला (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर) हिशेब फसतो. मामाची वही या बाबतीत बऱ्याच सॉफ्टवेअरपेक्षा सरस आहे. तिच्यात शिल्लक लिहिलेलीच नाही. डावीकडे तारीख, मग घेतले की विकले, किती, एकूण रक्कम. आणि समासात हिरव्या शाईने 'बोनस १:१', 'स्प्लिट' (एका शेअरचे तुकडे होऊन अनेक होणं), 'विलीन' असे शेरे. मी ती रचना जशीच्या तशी उचलली. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी : तारीख, आयसिन (दर शेअरचा किंवा फंडाचा ठरलेला ओळख-क्रमांक), प्रकार, संख्या, रक्कम.

ओळख म्हणून नाव वापरू नका, आयसिन वापरा. कंपन्या नावं बदलतात, ब्रोकरगणिक नावं वेगळी लिहिली जातात, एका फाइलीत 'लिमिटेड' असतं तर दुसरीत 'लि.'. आयसिन बारा अक्षरांचा असतो. कंपन्यांच्या शेअरचा 'आयएनई'ने सुरू होतो, म्युच्युअल फंडाचा 'आयएनएफ'ने. डीमॅटच्या स्टेटमेंटमध्ये तो छापलेलाच असतो. एक मेख ध्यानात ठेवा : शेअरची दर्शनी किंमत बदलली, म्हणजे स्प्लिट झाला, की आयसिनही बदलतो. म्हणून स्प्लिटच्या नोंदीत जुना आणि नवा दोन्ही आयसिन ठेवा.

आता ते हिरवे शेरे कोडमध्ये कसे उतरवायचे? स्प्लिटमध्ये जुन्या प्रत्येक लॉटची (एका वेळी आलेल्या शेअरच्या गठ्ठ्याची) संख्या वाढते, त्या लॉटची एकूण किंमत आणि खरेदीची तारीख तीच राहते. बोनसमध्ये नवा लॉट तयार होतो, त्याची किंमत शून्य आणि तारीख वाटपाची. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शेअर वाढले एवढंच. पण विकताना कर वेगळा लागतो, कारण डीमॅटमधल्या शेअरना आयकर खातं 'आधी आले ते आधी गेले' हा नियम लावतं आणि शेअर बारा महिन्यांहून जास्त ठेवला की नाही हे लॉटच्या तारखेवरून ठरतं. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये १:१ बोनस दिला. ज्यांनी तेव्हा नुसती सरासरी साठवली होती त्यांच्या पडद्यावर भाव निम्मा झाल्यावर भला मोठा तोटा दिसला असणार.

विलीनीकरण याहून नाजूक. १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी लिमिटेड एचडीएफसी बँकेत विलीन झाली आणि २५ शेअरमागे बँकेचे ४२ मिळाले. ज्याचे १०० होते त्याच्याकडे १६८ आले. जुन्या लॉटची किंमत आणि तारीख नव्या आयसिनवर सरकवायची, संख्येला ४२ भागिले २५ ने गुणायचं, आणि अपूर्णांक उरला तर त्याचे पैसे रोख मिळतात म्हणून संख्या खाली पूर्ण करायची. मामाचे शेअर त्या जुन्या कंपनीचेच होते, त्यामुळे ही नोंद मी सगळ्यात आधी तपासली.

रकमा पैशांत साठवा, पूर्णांकात. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही. शेपटीला भलतेच अंक चिकटतात आणि हजारभर नोंदींनंतर बेरीज जुळेनाशी होते. फंडाच्या युनिटना तीन दशांश असतात, ते हजारने गुणून ठेवा.

तारखेचं एक दुखणं फार छुपं आहे. ०५-०६-२०२४ म्हणजे आपल्याकडे पाच जून. क्रोमच्या 'डेट'ला हीच तारीख दिलीत तर तो ती सहा मे म्हणून वाचतो. २५-०६-२०२४ दिलीत तर मात्र 'इनव्हॅलिड' म्हणून ओरडतो. म्हणजे बारापर्यंतच्या तारखा गुपचूप उलटतात आणि तेरापासून पुढच्या अडतात, त्यामुळे दोष फाइलीत आहे असंच वाटत राहतं. तारीख नेहमी स्वतः तोडा, दिवस-महिना-वर्ष वेगळे करा, आणि वर्ष-महिना-दिवस या क्रमाने साठवा.

साठवण 'स्टोरेज लोकल'मध्ये. तिथे १० एमबी जागा मिळते, घरगुती हिशेबाला ती रग्गड आहे. 'स्टोरेज सिंक' वापरू नका. त्यात साधारण १०० केबीच मावतं आणि आकडे ब्राउझरच्या खात्यातून बाहेर जातात. लोकलमधला मजकूर कुलूपबंद नसतो, तेव्हा कॉम्प्युटर घरात अनेक जण वापरत असतील तर विंडोजचं खातं वेगळं ठेवा.

भाव आणायचे कुठून

फंडांचं सोपं आहे. ॲम्फीच्या फाइलमध्ये दर ओळीत योजनेचा कोड, आयसिन, नाव, एनएव्ही आणि तारीख अर्धविरामांनी वेगळी केलेली असतात. मधेमधे फंड घराण्यांची नावं आणि कोऱ्या ओळी येतात. पहिली मथळ्याची ओळ वाचून कोणता रकाना कितवा हे ठरवा. ज्या ओळीत तितके तुकडे पडत नाहीत ती सोडून द्या. एनएव्हीच्या जागी आकडा नसेल तर ती ओळही सोडा. सगळी फाइल साठवू नका, आपल्या आयसिनच्या ओळी तेवढ्या उचला. बहुतेक योजनांचे एनएव्ही रात्री अकरापर्यंत लागतात, त्यामुळे सकाळी पान उघडल्यावर एकदा आणलं की दिवसभराचं काम झालं.

पार्श्वभूमीत दर पाच मिनिटांनी काही चालवायचा मोह आवरा. सर्व्हिस वर्कर साधारण ३० सेकंद काम नसेल तर झोपी जातो, मग 'सेट-इंटरव्हल' अर्धवट राहतं. लावायचंच तर 'अलार्म्स' आहेत. पण ज्या प्रश्नासाठी हे बनवतोय त्याला दिवसातून एक भाव पुरतो.

शेअरच्या भावासाठी मी दलालांच्या जुन्या सवयीची भावकॉपी वापरते. दलाल स्ट्रीटवरचा बीएसई आणि वांद्रे-कुर्ला संकुलातला एनएसई, दोघंही बाजार साडेतीनला बंद झाल्यावर त्या दिवसाच्या भावांची फाइल आपापल्या साइटवर ठेवतात. ती उतरवायची, झिप असेल तर सोडवायची आणि आपल्या पानावर ओढून टाकायची. पान 'फाइल डॉट टेक्स्ट'ने ती वाचतं आणि आयसिनवरून बंद भाव उचलतं. एनएसईच्या फाइलमध्ये सिरीजचा रकाना असतो. नुसती 'ईक्यू' गाळून घेतलीत तर ट्रेड-टु-ट्रेडमध्ये (जिथे घेतलेला शेअर त्याच दिवशी विकता येत नाही) गेलेले शेअर गायब होतील, त्यांची सिरीज 'बीई'. दोन्ही घ्या. आठवड्यातून एकदा केलं तरी चित्रात फरक पडत नाही.

एफडी आणि पीपीएफ हाताने भरा. रक्कम, दर, मुदत, बस.

बाहेरून आलेलं कुठलंही नाव पानावर दाखवताना 'टेक्स्टकंटेंट' वापरा, 'इनरएचटीएमएल' नको. फाइलमधला मजकूर हा मजकूरच राहायला हवा.

चित्र

गोल पाय चार्ट टाळा. अकरा टक्के आणि चौदा टक्क्यांच्या फोडी शेजारी ठेवल्या तर डोळ्याला फरक कळत नाही. आडव्या पट्ट्या, मोठी वर, लहान खाली. लांबी डोळा लगेच मोजतो. याला लायब्ररीही लागत नाही. एसव्हीजीमध्ये दर कंपनीसाठी एक चौकोन काढा, रुंदी म्हणजे तिचा पैसा भागिले सर्वांत मोठ्या कंपनीचा पैसा, गुणिले सहाशे. डावीकडे नाव, उजवीकडे टक्के.

खरी गंमत पट्टीच्या आत आहे. समजा एकूण १० लाख रुपये आहेत. एचडीएफसी बँकेचे शेअर १,२०,००० चे. ब्रोकरचं ॲप म्हणेल बारा टक्के. शिवाय ४ लाख एका निफ्टी इंडेक्स फंडात आहेत. त्या फंडात या बँकेचं वजन १२ टक्के धरू, म्हणजे ४८,००० पुन्हा तिथेच. उरलेल्यातले २ लाख एका फ्लेक्सी कॅप फंडात, त्यात वजन ८ टक्के धरलं तर आणखी १६,०००. बेरीज १,८४,०००. म्हणजे १८.४ टक्के पैसा एकाच बँकेवर, आणि मालकाला वाटतंय बारा.

हे काढण्यासाठी फंडांची मासिक यादी लागते. दर फंड घराणं महिना संपल्यावर दहा दिवसांत प्रत्येक योजनेतले शेअर आणि त्यांचं वजन स्वतःच्या साइटवर एक्सेलमध्ये ठेवतं, आयसिनसकट. आपल्या योजनांच्या तेवढ्या याद्या सीएसव्ही करून एक्स्टेंशनला द्या. मग दर आयसिनमागे दोन आकडे साठवा : थेट आणि फंडातून. पट्टीचा थेट भाग गडद, फंडातला भाग त्याच रंगाचा फिकट. मामाच्या पडद्यावर पहिल्या पाच पट्ट्यांत तीन बँका आल्या आणि प्रत्येकीचा फिकट भाग गडदपेक्षा लांब होता. तो चष्मा काढून पडद्याजवळ वाकला आणि म्हणाला, "म्हणजे फंडवाल्याने पण तेच घेतलंय." एवढं कळलं की त्याच यादीत क्षेत्राचा रकाना असतो, त्यावरून 'बँका व वित्त', 'आयटी', 'औषधं' अशी दुसरी पट्टी काढणं पंधरा ओळींचं काम.

रंगांत लाल-हिरवा वापरू नका. ते नफा-तोटा ओरडतात आणि काही जणांना तो फरक दिसतही नाही. शेअर, फंड, एफडी, सोनं यांना प्रत्येकी एक ठरलेला रंग द्या आणि तो कुठेही बदलू नका.

आकडे मराठीत दाखवणं फुकट मिळतं. 'इंटल नंबरफॉरमॅट'ला मराठी-भारत हा लोकेल द्या. लाख-कोटीचे स्वल्पविराम बरोबर पडतात आणि अंकही देवनागरी येतात. इंग्रजी अंक हवे असतील तर इंग्रजी-भारत द्या, स्वल्पविराम तसेच राहतील.

कोपऱ्यात एक 'रुपये झाका' बटण ठेवा. दाबलं की फक्त टक्के उरतात. ऑफिसात मागून कुणी जात असेल तरी पान उघडं ठेवता येतं.

परतावा एकाच आकड्यात

वेगवेगळ्या तारखांना पैसे घातले असतील तर साधी टक्केवारी फसवी, एक्सआयआरआर (तारखा धरून काढलेला वार्षिक परतावा) काढा. दर व्यवहाराची रक्कम (दिलेली उणे, मिळालेली अधिक) भागिले (एक अधिक दर) या बेरजेचा घात; घात म्हणजे पहिल्या व्यवहारापासूनचे दिवस भागिले ३६५. आजची किंमत शेवटची आवक समजायची. ज्या दराला ही बेरीज शून्य होते तो आपला परतावा. दर शोधायला उणे ९९ टक्के ते अधिक हजार टक्के हा पट्टा निम्मा-निम्मा करत जा; शंभर फेऱ्या केल्यात तरी डोळ्याचं पातं लवत नाही. तपासायला सोपं उदाहरण : एक लाख घातले, ३६५ दिवसांनी १,१२,००० आले, तर उत्तर बरोबर बारा टक्के यायला हवं. एका वर्षाहून कमी काळाच्या पैशाला हा आकडा दाखवू नका. महिन्यात तीन टक्के वाढलं की तो वर्षाचे बेचाळीस दाखवतो, आणि माणसं त्यावर विश्वास ठेवतात.

वापरायला देण्यापूर्वी

एक्स्टेंशन काढून टाकलं की त्याची सगळी साठवण पुसली जाते. शिवाय 'लोड अनपॅक्ड'ने घातलेल्या एक्स्टेंशनची ओळख फोल्डरच्या पत्त्यावरून ठरते. डेस्कटॉपवरचा फोल्डर दुसरीकडे हलवला की ब्राउझरला ते नवंच वाटतं आणि आकडे गेल्यासारखे दिसतात. म्हणून पहिल्याच दिवशी 'सगळं जेसनमध्ये उतरव' आणि 'परत भर' अशी दोन बटणं करा. मामाला तो जेसन महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर घ्यायला सांगितलंय.

इतरांना द्यायचं तर क्रोम वेब स्टोअरवर एकदाच पाच डॉलर भरून नोंदणी होते. घरातल्या दोघा-तिघांसाठी फोल्डर देणं सोपं. मात्र 'हे विका, ते घ्या' असं पडद्यावर सुचवायला जाऊ नका. लोकांना पैसे घेऊन सल्ला देण्यासाठी सेबीची नोंदणी लागते, आणि आपल्या चित्राचं ते कामही नाही.

शेवटची तपासणी एनएसडीएल किंवा सीडीएसएल (डीमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या संस्था) यांच्या एकत्रित स्टेटमेंटशी. व्यवहार झालेल्या महिन्यानंतर ते येतं, नाहीतर सहा महिन्यांनी. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे पॅन. त्यातला दर आयसिन आणि संख्या आपल्या पानाशी ताडून पाहा. संख्या जुळत नसेल तर आधी बोनस, स्प्लिट आणि विलीनीकरण बघा, मग दुसऱ्या डीमॅटमध्ये हलवलेले शेअर, आणि शेवटी टायपिंग. संख्या जुळल्यावरच फंडांच्या याद्या भरायला घ्या, म्हणजे फिकट पट्ट्यांवर भरवसा ठेवता येईल.